याला इंद्रियं किती?

माणसाने समुद्रावरून काय आणावं? शंख आणावेत, शिंपले आणावेत, फार तर चपलेला चिकटून आलेली वाळू आणावी. मी ओख्याच्या किनाऱ्यावरून एक शेंदरी गोळा उचलून आणला आणि जळगावच्या आमच्या अख्ख्या गल्लीला कामाला लावलं.

गोळा म्हणजे अगदी गोळाही नव्हे. पंज्याएवढा, जाड जाड बोटं फुटलेला, अंगभर बारीक भोकं, आणि प्रत्येक बोटाच्या शेंड्यावर एक मोठं भोक. रंग असा, की मारुतीला शेंदूर चढवून उरलेला कोणी याच्यावर ओतला असावा. भरती ओसरल्यावर खडकाच्या बेचक्यात तो पडला होता. आसपास कोणी नव्हतं आणि माझ्याबरोबरही कोणी नव्हतं. द्वारका पाहायची हौस खरं तर आमच्या हिची. ती माघात वारली, त्यानंतर लगेच साताऱ्याहून माझी बदली जळगावच्या पाटबंधारे कचेरीत झाली, आणि इथून सुरतमार्गे द्वारका सोपी पडते असं कळल्यावर मी रजा टाकून एकटाच निघालो. ही असती तर तिने तो गोळा उचलून माझ्या नाकासमोर धरला असता आणि विचारलं असतं, "हे काय हो?" लग्न झाल्यापासून ती मला जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल हे विचारत आली होती आणि मी आपला बिनधास्त ठोकून द्यायचो. या खेपेला विचारणारं कोणी नव्हतं, तरी मी उत्तर शोधत उभा राहिलो. सुचलं नाही. म्हणून गोळा रुमालात बांधून घेतला, जळगावला गेल्यावर कोणाला तरी विचारू म्हणून.

परतीच्या गाडीत विरमगामपर्यंत त्याने दम धरला. मग त्याला वास सुटला. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीकडे आणि शेवटी माझ्या तोंडाकडे. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. वास येत असताना खिडकीबाहेर पाहणारा माणूसच गुन्हेगार असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सुरतेला गाडी बदलल्यावर मात्र मला आडवं व्हायला पूर्ण बाक मिळाला. सरकारी कारकुनाला तिसऱ्या वर्गात एवढा मान सहसा मिळत नाही.

मी मांगीलालजींच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. मांगीलालजींचं बाजारात कापडाचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पिढ्यान् पिढ्या जळगावात मुरलेलं, आणि घर कडक जैन. खोली देताना त्यांनी मला एवढंच विचारलं होतं, "अंडं खाता का?" मी नाही म्हणालो होतो. समुद्रातल्या गोळ्याबद्दल त्यांनी विचारलं नव्हतं, त्यामुळे मीही काही सांगितलं नाही.

गोळा मी खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवला. जळगावचं मे महिन्यातलं ऊन! त्यात दगडही वाळून हलका होतो. पहिली नजर पडली ती धुरपदाबाईंची. या माझ्याकडे भांडी घासायला येत. त्यांनी पदर नाकाला लावला.

"हाई काय शे, भाऊ?"

"समुद्रातलं आहे."

"ते बठ्ठं खरं. पन शे काय?"

मला सांगता आलं नाही. धुरपदाबाई पाच-सहा घरची भांडी घासत असल्यामुळे, सबनीसभाऊंच्या घरात काहीतरी आहे आणि ते काय आहे हे सबनीसभाऊंनाच ठाऊक नाही, ही बातमी दुपारच्या जेवणाआधी सगळीकडे पोचली.

इथे मला माझी तोपर्यंतची परिस्थिती सांगितली पाहिजे. बदली होऊन आल्यापासून माझ्या दाराशी कोणीही आलं नव्हतं. यात लोकांचा दोष नाही. मी परगावचा, एकटा, त्यातून वरिष्ठ कारकून. गल्लीत जाता-येता लोक विचारायचे, "काय सबनीसभाऊ, बरं आहे ना?" पण बरं आहे ना विचारणारा माणूस उत्तरासाठी थांबत नाही. मी "हो" म्हणेपर्यंत त्याची सायकल कोपऱ्यावरून वळलेली असायची. संध्याकाळी मी ट्रान्झिस्टर लावायचो, बातम्या ऐकायचो, मग शेतकऱ्यांसाठी बाजारभाव ऐकायचो. माझ्याकडे विकायला काही नव्हतं, तरी सरकीचे भाव पूर्ण ऐकायचो, कारण सांगणारा माणूस मध्येच उठून जात नसे. ट्रान्झिस्टर बंद केला की खोली फार मोठी वाटायची. दहा पावलांची खोली, पण वाटायची.

त्या संध्याकाळी दारावर थाप पडली. समोरच्या घरातले तोतारामभाऊ होते. यांची रावेरकडे केळीची बाग, आणि केळीखेरीज जगात दुसरं काही आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी गोळा उलटासुलटा करून पाहिला, हुंगला, आणि खुर्चीत बसून निकाल दिला.

"अरे सबनीसभाऊ, हा तं केयीचा कांदा व्हय! सडला म्हंजे असाच वास मारतो. मले काय सांगता, जलम गेला माहा केयीत."

"पण तोतारामभाऊ, समुद्रात केळी कुठून येणार?"

"तापी कुठी जाते?"

"समुद्रात."

"मंग?" तोतारामभाऊ म्हणाले आणि चहाची वाट पाहू लागले.

मी चहा केला. मला वाद घालता आला असता, पण घातला नाही. वाद संपला असता तर ते उठून गेले असते. त्यांनी तापीच्या पुराच्या गोष्टी सांगितल्या, कुठल्या साली केळीचे घड कसे वाहून गेले ते सांगितलं, आणि जाताना म्हणाले, "उद्या येतो. दिवसाच्या उजेडात बरोबर दिसंल."

दुसऱ्या दिवशी ते आले आणि येताना आणखी दोघांना घेऊन आले. एकाच्या मते ती समुद्रातली बुरशी होती, दुसऱ्याच्या मते इंग्रजांच्या बोटीवरचं गादीचं सामान. मग रोजच कोणी ना कोणी येऊ लागलं. मी दूध वाढवलं. दोन स्टुलं आणली. साताऱ्याहून आणलेल्या आणि तोवर गोणपाटातच राहिलेल्या चिनी मातीच्या कपबशा बाहेर काढल्या. लोक गोळ्यावर बोलत, गोळ्यावरून मुलांच्या लग्नांवर जात, लग्नांवरून पुन्हा गोळ्यावर येत, आणि मी मधे बसून ऐकत असे. मला ते फार आवडत होतं. गोळा काय आहे हे कोणालाच कळू नये असं मला मनापासून वाटू लागलं. हिला उत्तर द्यायचं राहिलं होतं खरं, पण ती थांबली असती असं मी स्वतःला सांगत होतो.

एवढ्यात गोळ्याने दोन गोष्टी केल्या. एक, त्याचा शेंदरी रंग उडाला आणि तो पोत्याच्या रंगाचा झाला. दोन, आभाळ भरून आलं की त्याचा वास नव्याने परत येऊ लागला. मग कोणीतरी नगरपालिकेत तक्रार दिली. तोतारामभाऊंनी नाही, असं त्यांनी स्वतः न विचारता मला सांगितलं.

आरोग्य खात्याचे अभिमन म्हणून एक निरीक्षक आले. शिस्तीचा माणूस. त्यांनी उंबऱ्यात उभं राहून विचारलं, "मेलेलं जनावर आहे की कुजलेला भाजीपाला?"

"का बरं?"

"जनावराची गाडी वेगळी, भाजीपाल्याची वेगळी. एकाची माणसं दुसऱ्याच्या मालाला हात लावत नाहीत."

"आम्हाला ते ठरवता आलेलं नाही."

"मग बेवारस वस्तू म्हणून लिहू?"

"बेवारस कशी? मी आहे ना."

त्यांनी विचार केला. "वारस आहे म्हणता, म्हणजे जनावरच धरावं लागेल. जनावर तुमचं असेल तर पाळण्याचा परवाना दाखवा."

मी म्हणालो, ते मेलेलं आहे. ते म्हणाले, मग मेल्याची वर्दी वेळेत का दिली नाही? मी वीस वर्षं सरकारी नोकरीत आहे. लोकांना याच पद्धतीने परत पाठवण्यात माझी हयात गेली. पण ते आपल्यावर आलं की किती लागतं हे मला त्या उंबऱ्यात कळलं. शेवटी अभिमन निरीक्षकांनी चहा घेतला, वस्तू ओळखून घ्यावी आणि त्याप्रमाणे योग्य त्या गाडीस कळवावे असं तोंडी सांगितलं, आणि जाता जाता कानात म्हणाले, "मला विचाराल तर भोपळ्याचाच प्रकार आहे."

खरी अडचण मात्र घरातच होती. एका संध्याकाळी स्वतः मांगीलालजी आले. खिडकीपासून लांब उभे राहिले आणि फार गंभीरपणे विचारलं, "सबनीसजी, याला इंद्रियं किती?"

मला वाटलं ते थट्टा करताहेत. ते थट्टा करणारे नव्हते. त्यांनी मला समजावून सांगितलं. झाडपाल्यालाही जीव असतो, पण त्याला इंद्रिय एकच, स्पर्शाचं. शंख-शिंपल्यातल्या किड्याला दोन, स्पर्श आणि चव. मुंगीला तीन. असं चढत चढत माणसापर्यंत पाच. एक इंद्रियवालं घरात असलं तर चालतं, भाजी आपण आणतोच. पण दोन किंवा वर असेल तर ते कलेवर झालं, आणि कलेवर घरात ठेवून चालणार नाही. "चातुर्मासाला आमचे मुनी, महाराजसाहेब येताहेत. आमच्या घरी गोचरीला येतील, भिक्षा घ्यायला. घरात कलेवर असलं आणि त्यांना कळलं, तर उंबऱ्यावरून परत जातील. गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही आम्हाला. तुम्ही शिकलेले आहात. तपास करा. झाड असेल तर राहू द्या. नसेल तर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. गोळा जाईल की गोळ्याबरोबर मीही जाईन, हे तिथेच राहिलं.

त्यांच्या आई पानबाई त्या दिवसापासून रोज संध्याकाळी यायच्या. पांढरं लुगडं, वाकलेली कंबर, हातात जपाची माळ. आत मात्र पाऊल टाकत नसत. कलेवर असेल तर? म्हणून उंबऱ्याबाहेर उभ्या राहून विचारायच्या, "कळालं का, भाऊ?" मी नाही म्हणायचो. त्या मान हलवायच्या आणि पायऱ्या उतरून जायच्या. सगळ्यांत कमी बोलणाऱ्या पाहुण्या त्याच, आणि सगळ्यांत नेमाने येणाऱ्याही त्याच.

महाराजसाहेब भुसावळपर्यंत आल्याची बातमी आली आणि मला तपास करणं भाग पडलं. जळगावातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक पेपर तपासायला बाहेरगावी गेले होते. धुळ्याला गिरधर चौधरी म्हणून एक प्राध्यापक आहेत असं कचेरीत कोणीतरी सांगितलं. मी गोळा पितळी डब्यात घातला आणि एस. टी. पकडली.

एरंडोल सुटलं आणि कंडक्टर नाक मुरडत माझ्यापर्यंत पोचला. "डब्यात काय आहे?"

"तेच विचारायला धुळ्याला चाललोय."

"जनावर असलं तर तिकीट पडेल. सामान असलं तर टपावर जाईल."

पुन्हा तेच. हा गोळा काय आहे हे ठरल्याशिवाय हिंदुस्थानात त्याला कुठेही बसायला जागा नव्हती. तो टपावर गेला. पारोळ्याला डब्याचं झाकण उडालं, ते मिळालं नाही.

गिरधर चौधरी उंच, किडकिडीत गृहस्थ. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकटेच बाटल्या पुसत बसले होते. मी डबा पुढे केला. त्यांनी आत पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग दोन्ही हातांनी गोळा उचलला.

"सबनीस, हा स्पंज आहे हो!"

"म्हणजे पाटी पुसायचा?"

"तो रबराचा. खरा हा. हयात गेली माझी हा फळ्यावर काढण्यात. खडूने. खानदेशात समुद्र कुठला आणायचा? आज पहिल्यांदा कोणीतरी हातात आणून दिला." त्यांचा आवाज बदलला होता. मी शिष्टाचार म्हणून खिडकीबाहेर पाहिलं.

त्यांनी एक कण कापून औषधात घातला, काचेवर घेतला आणि मला सूक्ष्मदर्शकातून दाखवला. आत नुसत्या काचेच्या सुया सांडल्या होत्या. नेमकी जात सांगायला रंग ताजा पाहिजे होता, आणि सुयांवरून जात ओळखणारा माणूस त्यांना ठाऊक नव्हता. पण स्पंज नक्की. "आणि प्राणी. झाड नव्हे. प्राणी."

"इंद्रियं किती?" मी विचारलं.

"एकही नाही."

"अहो, निदान एक तरी?"

"डोळे नाहीत, कान नाहीत, तोंड नाही, पोट नाही, मेंदू नाही. एका जागी चिकटून बसतो. बारीक भोकांतून पाणी आत येतं, मोठ्या भोकातून बाहेर जातं. त्यातून जे मिळेल त्यावर जगतो. जन्मभर हेच."

माझ्या कचेरीचं वर्णन इतकं नेमकं मी कोणाकडून ऐकलं नव्हतं.

"पण तसा एकटा नसतो तो," गिरधरराव म्हणाले. "याच्या पोकळीत छोट्या कोळंब्या राहतात, खेकडे राहतात. बिऱ्हाडंच असतात म्हणा ना." म्हणजे माझ्यापेक्षा त्याची स्थिती बरी होती. निघताना त्यांनी मला दोनदा थांबवलं, एकदा रंग कसा होता ते पुन्हा विचारायला आणि एकदा काहीच नाही म्हणून.

परतीच्या गाडीत मी ठरवलं. खरं सांगितलं तर गोळा जाणार. झाड आहे म्हटलं तर गोळा राहील, पण प्रश्न मिटेल, आणि मिटलेल्या प्रश्नाकडे चहाला कोण येतं? तेव्हा म्हणायचं, "धुळ्यालाही ठरलं नाही, मुंबईला विचारावं लागेल." महिनाभर तरी लोक येत राहतील. पाळधीपर्यंत ते वाक्य मी छान पाठ केलं.

पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. माझ्या दारासमोर सगळे जमले होते. मांगीलालजी, तोतारामभाऊ, धुरपदाबाई, आणखी पाच-सात जण. मी तोंड उघडलं. तेवढ्यात उंबऱ्याजवळून पानबाई म्हणाल्या, "कळालं का, भाऊ?"

ही म्हातारी इतके दिवस नाकाला पदर लावून बाहेर उभी राहिली होती आणि माझ्या "नाही"वर तिने एकदाही शंका घेतली नव्हती. माझं पाठ केलेलं वाक्य काही केल्या बाहेर येईना.

"कळलं," मी म्हणालो. "प्राणी आहे."

"इंद्रियं?" मांगीलालजी.

"एकही नाही."

"प्राणी आहे म्हणता आणि इंद्रिय एक पण नाही? असं कुठे असतं?"

"यालाच स्पंज म्हणतात. आपल्याकडे मिळतो तो रबराचा, हा अस्सल."

मांगीलालजींचा चेहरा उतरला. त्यांच्या दुकानात, पावत्यांची पानं उलटताना बोट ओलं करायला, एका वाटीत स्पंज होता. वडिलांच्या वेळचा. तो रबराचा की अस्सल, हे त्यांना आठवेना. ते तसेच चप्पल घालून बाजाराकडे गेले. जाताना सांगून गेले, उद्या सकाळी हे गिरणा नदीत सोडून या. तोतारामभाऊ म्हणाले, "म्हंजे कांदा नव्हेच?" आणि माझ्यावर रागावल्यासारखे निघून गेले. बाकीचे "चला, कळलं एकदाचं" म्हणत पांगले. धुरपदाबाईंनी स्टुलं आत आणून ठेवली. सवयीने मी आत जाऊन चहाचं आधण चढवलं आणि मग उतरवलं.

बाहेर येऊन पाहतो तो पानबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी डब्यातल्या गोळ्यासमोर हात जोडले आणि पुटपुटत नवकार मंत्र म्हटला. पूर्ण म्हटला. मग पायरीवर हात टेकून खाली बसल्या. मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"गेला तेव्हा याच्याजवळ कोणी नसेल," त्या म्हणाल्या.

"नसेल."

"तुमच्या बाईजवळ होतं कोणी?"

"मी होतो," मी म्हणालो.

"काय झालं होतं त्यांना?"

जळगावला आल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी खालच्या पायरीवर बसलो. कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून डॉक्टरांच्या स्कूटरपासून केली, जी नेमकी त्या दिवशी चालू होत नव्हती. मग टांगा, मग टांगेवाल्याशी ही तापातसुद्धा कशी भांडली ते. सांगताना मला हसू आलं आणि मग हसू राहिलं नाही. पानबाई "हां" म्हणत ऐकत होत्या.

पुढच्या दारातून त्यांची सून कुसुमलता आली. "माँजी, थाळी वाढली आहे. चला, दिवस मावळतोय."

जैन घरांतली ही रीत मला इथेच राहून कळली होती. सूर्यास्तानंतर जेवण नाही, आणि पानबाईंसारख्यांना पाणीसुद्धा नाही. दिवस मावळला की दुसऱ्या दिवशी सूर्य वर येईपर्यंत सगळं बंद. त्यांनी सुनेकडे न बघता हात हलवला. मी बोलायचा थांबलो.

"तुम्ही जेवून घ्या आधी," मी म्हणालो. "हे काय, उद्याही सांगता येईल."

"तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या.

कुसुमलता पुन्हा येऊन गेली. पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, तो तसाच परत नेला. समोरच्या घरांच्या पत्र्यांवरचं ऊन सरकत वर गेलं, मग कौलांवर गेलं, मग कुठेच राहिलं नाही. पानबाईंनी एकदा आकाशाकडे पाहिलं, माळ लुगड्याच्या ओच्यात ठेवली आणि माझ्याकडे वळल्या.

"हां," त्या म्हणाल्या, "मग टांगा दवाखान्यात पोचला. पुढे?"